ध्वनिक्षेपण यंत्रणा, सुवाह्य

गायन, वादन वा कीर्तन चालू असताना कलावंताचा आवाज श्रोत्यांपर्यंत पुरेशा तीव्रतेने पोहोचविणारी, एकदोघांना उचलून नेता येईल आणि थोड्या वेळात मांडता येईल अशी विद्युत् यंत्रणा. हिचे मुख्य घटक चार असतात : ध्वनीचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारा ध्वनिग्राहक म्हणजे माइक, अनेक ध्वनिग्राहकांचे संदेश योग्य प्रमाणात एकत्र करणारा मिश्रक म्हणजे मिक्सर, संदेशाची शक्ती वाढविणारा विवर्धक म्हणजे अँप्लिफायर आणि त्या संदेशापासून पुन्हा ध्वनी निर्माण करणारा ध्वनिक्षेपक म्हणजे लाउडस्पीकर. व्यवहारात ध्वनिक्षेपक हा शब्द पुष्कळदा माइकलाही लावतात. प्रस्तुत नोंदीत तो केवळ लाउडस्पीकर या अर्थी योजला आहे.

अशी यंत्रणा घेताना ती किती वॉटची आहे, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. वस्तुतः वॉट हे विद्युत् शक्तीचे एकक असून केवळ त्यावरून शेवटच्या रांगेतील श्रोत्यास काय ऐकू येईल, हे ठरत नाही. ते ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता, श्रोत्यांचे अंतर, जागेचे ध्वनिकीय गुणधर्म आणि ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक यांची परस्परसापेक्ष मांडणी यांवर अवलंबून असते. या गोष्टी लक्षात न घेता केवळ वॉट वाढविल्यास आवाज मोठा होतो. परंतु गीतातील शब्द आणि स्वरांचे बारकावे स्पष्ट होतीलच असे नाही.

इतिहास : चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर आधारलेल्या उपकरणाचे एकस्व (पेटंट) एर्न्स्ट झीमेन्स यांनी १८७४ मध्ये मिळविले, पण त्या काळी विवर्धक उपलब्ध नसल्याने त्याचा ध्वनिक्षेपणास उपयोग होऊ शकला नाही. पीटर जेन्सेन व एडविन प्रिडॅम यांनी १९१५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे कर्णा जोडलेल्या ध्वनिक्षेपकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे विशाल जनसमुदायापुढे अशाच यंत्रणेच्या साहाय्याने भाषण केले. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेला, शंकूच्या आकाराचे कागदी पटल असलेला चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक हा आजच्या बहुसंख्य ध्वनिक्षेपकांचा पूर्वज होय.

निर्वात नलिकांचे विवर्धक व जाड लाकडी पेट्या यांमुळे आरंभीच्या यंत्रणा अवजड असत. ट्रँझिस्टरच्या वापराने विवर्धक हलके झाले. पेटीचे घनफळ व पटलाचे गुणधर्म यांचा मेळ गणिताने घालण्याची पद्धती ए. एन्. थील यांनी १९६१ मध्ये मांडली व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत तिचा विस्तार केला. त्यामुळे लहान पेटीतूनही खालचे स्वर मिळविणे सुकर झाले. पुढे निओडिमियम धातूचे हलके व प्रबल चुंबक, कमी उष्णता निर्माण करणारे ‘डी’ वर्गाचे विवर्धक आणि अंकीय संदेशप्रक्रिया यांचा वापर रूढ झाल्यामुळे विवर्धकासह संपूर्ण ध्वनिक्षेपक एका हाताने उचलता येईल इतका हलका झाला.

महाराष्ट्रात ध्वनिग्राहक प्रचारात येण्यापूर्वी संगीत रंगभूमीवरील गायकनटांना सर्व प्रेक्षागृहात ऐकू जाईल असा आवाज स्वतःच्या गळ्यानेच लावावा लागे. ध्वनिग्राहकामुळे हळुवार स्वरोच्चारही मोठ्या समुदायापुढे शक्य झाला. मात्र गायकाच्या आवाजाचा समतोल राखण्याची जबाबदारी काही अंशी यंत्रणा निवडणाऱ्याकडे आणि ती हाताळणाऱ्याकडे गेली.

शक्ती, संवेदनक्षमता व अंतर : ध्वनीची पातळी डेसिबेल या गुणोत्तरदर्शक एककात मोजतात. विद्युत् शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलांनी वाढते. आवाज सामान्यतः दुप्पट मोठा वाटण्यास सु. १० डेसिबेलांची, म्हणजे दसपट शक्तीची, वाढ लागते. उलट, मोकळ्या जागेत श्रोत्याचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलांनी घटते. ध्वनिक्षेपकास १ वॉट शक्ती दिली असता १ मी. अंतरावर मिळणाऱ्या पातळीस त्याची संवेदनक्षमता म्हणतात.

समजा, १५ मी. लांबीच्या सभागृहात सु. २०० श्रोत्यांपुढे ख्यालगायनाची मैफल आहे आणि शेवटचा श्रोता ध्वनिक्षेपकापासून १६ मी. अंतरावर आहे. त्याला सरासरी ८० डेसिबेल पातळीचे गायन ऐकू यावे असे ठरविले, तरी तानेचा जोर किंवा तबल्याचा आघात सरासरीहून बराच वर जातो. त्यासाठी १५ डेसिबेलांचा राखीव वाव ठेवल्यास कमाल पातळी ९५ डेसिबेल लागेल. १६ मी. अंतरामुळे होणारी घट २४ डेसिबेल असल्याने १ मी. अंतरावर ११९ डेसिबेल मिळाले पाहिजेत. दोन ध्वनिक्षेपक वापरल्यास त्यांच्या एकत्रित परिणामाने सु. ३ डेसिबेल अधिक मिळतात. म्हणून प्रत्येकाकडून ११६ डेसिबेलांची अपेक्षा राहील. संवेदनक्षमता ९६ डेसिबेल असल्यास यासाठी प्रत्येकी १०० वॉट पुरतात. ती ९० डेसिबेल असल्यास ४०० वॉट लागतात. अर्थात १०० वॉटची एक पेटी ४०० वॉटच्या दुसऱ्या पेटीइतकेच काम करू शकते. बंदिस्त सभागृहात भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीची भर पडत असल्याने प्रत्यक्षातील घट यापेक्षा काहीशी कमी असते.

विक्रेत्यांच्या पत्रकांत वॉटचे आकडे निरनिराळ्या प्रकारे दिलेले असतात. दीर्घकाळ सहन होणारी सातत्यशक्ती आणि क्षणमात्र सहन होणारी शिखरशक्ती यांत फरक असून दुसरी पहिलीच्या दुप्पट ते चौपट दाखविली जाते. दोन यंत्रणांची तुलना करताना एकाच प्रकारचे आकडे घ्यावे लागतात. विवर्धक पेटीतच बसविलेला असल्यास वॉटपेक्षा १ मी. अंतरावरील कमाल ध्वनिपातळी हा आकडा अधिक उपयुक्त ठरतो.

कंप्रतेचा विस्तार : मानवी श्रवणाची मर्यादा सामान्यतः २० ते २०,००० हर्ट्झ मानतात, परंतु प्रत्येक कार्यक्रमास हा संपूर्ण विस्तार लागत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्‌ज सु. १३९ हर्ट्झ असून त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सु. ६९ हर्ट्झवर लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे सु. २०८ व १०४ हर्ट्झ असे येतात. सु. ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा ध्वनिक्षेपक अशा मैफिलीस पुरेसा होतो. बास गिटारची सर्वांत खालची तार मात्र सु. ४१ हर्ट्झची असते. त्यामुळे वाद्यवृंद, चित्रपटगीते आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांसाठी सबवूफर म्हणून ओळखला जाणारा स्वतंत्र मंद्रध्वनिक्षेपक जोडतात.

शब्दांची सुबोधता मुख्यतः ५०० ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यावर अवलंबून असते. भावगीत, नाट्यपद, कीर्तन आणि लावणी यांत शब्दाला महत्त्व असल्याने हा पट्टा खड्डे वा उंचवटे यांपासून मुक्त असावा. खालच्या स्वरांचे पटल आणि वरच्या स्वरांचा कर्णा यांतील कामाची विभागणी बहुधा याच पट्ट्यात होत असते. ती सदोष असल्यास आवाज नाकातून आल्यासारखा किंवा कर्कश वाटतो. सभांमध्ये वापरला जाणारा भोंगा थोड्या शक्तीत दूरवर पोहोचतो. पण तो खालचे व अगदी वरचे स्वर गाळून टाकतो. म्हणून तो घोषणांना योग्य असला, तरी संगीतास अयोग्य ठरतो.

प्रकार : सुवाह्य यंत्रणांचे चार प्रमुख प्रकार आढळतात. (१) विवर्धक अंतर्भूत असलेली पेटी : हिच्यात २५, ३० वा ३८ सेंमी. व्यासाचे पटल आणि वरच्या स्वरांसाठी कर्णा असतो. विवर्धक व पटल यांचा मेळ उत्पादकानेच घातलेला असल्याने चुकीच्या जोडणीचा धोका कमी असतो. मात्र प्रत्येक पेटीपर्यंत वीजपुरवठ्याची व संदेशाची अशा दोन तारा न्याव्या लागतात. (२) वेगळ्या विवर्धकावर चालणारी पेटी : ही तुलनेने हलकी व दुरुस्तीस सोपी असते. तिच्या बाबतीत संरोध पहावा लागतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम होतो व तो विवर्धकास पेलणारा असावा लागतो. (३) स्तंभ : यात अनेक लहान पटले एकावर एक उभी बसविलेली असतात. त्यामुळे ध्वनी आडवा दूरवर पसरतो, पण छताकडे व जमिनीकडे कमी जातो. स्तंभाच्या जवळच्या क्षेत्रात अंतर दुप्पट झाल्यास पातळी ६ ऐवजी सु. ३ डेसिबेलांनी घटते. म्हणून पहिल्या व शेवटच्या रांगांतील तफावत कमी होते. स्तंभाच्या लांबीपेक्षा मोठ्या तरंगलांबीच्या, म्हणजे खालच्या, स्वरांना हा लाभ मिळत नाही. (४) विद्युत् घटमालेवर चालणारी एकत्रित पेटी : विवर्धक, छोटा मिश्रक व पुनर्भारणक्षम घटमाला हे सर्व तिच्यातच असते. वीज नसलेल्या ठिकाणी, फिरत्या कार्यक्रमांत व लहान बैठकीत ती सोयीची असते.

घटमालेची क्षमता वॉट-तासांत देतात. संगीतात सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या एक-अष्टमांशाहून क्वचितच अधिक असते. त्यामुळे कमाल २०० वॉट शक्तीच्या पेटीला सरासरी सु. २५ वॉट लागतात व २०० वॉट-तासांची घटमाला तत्त्वतः आठ तास पुरते. विवर्धक व मिश्रक यांचा स्वतःचा व्यय धरता प्रत्यक्ष अवधी याहून कमी येतो.

बिनतारी ब्लूटूथ जोडणीने ध्वनिमुद्रित संगीत वाजविता येते; परंतु तीत बहुधा एक-दशांश सेकंद वा त्याहून अधिक विलंब होतो. प्रत्यक्ष गाणाऱ्यास स्वतःचा आवाज इतका उशिरा ऐकू आल्यास लय सांभाळणे कठीण होते. म्हणून गायकाच्या ध्वनिग्राहकासाठी ही जोडणी वापरू नये. फिरत्या कीर्तनकारासाठी खास रेडिओ तरंगांवर चालणारे बिनतारी ध्वनिग्राहक मिळतात व त्यांतील विलंब नगण्य असतो.

प्रतिसंभरण : ध्वनिक्षेपकाचा आवाज ध्वनिग्राहकात शिरून पुन्हा विवर्धित झाला की तेच चक्र चालू राहून शिट्टीसारखा तीव्र ध्वनी निर्माण होतो. यास ध्वनिक प्रतिसंभरण म्हणतात. कोणत्याही यंत्रणेचा आवाज किती वाढविता येईल, याची खरी मर्यादा पुष्कळदा वॉट नसून प्रतिसंभरण हीच असते. ते टाळण्यासाठी ध्वनिक्षेपक ध्वनिग्राहकांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस ठेवतात आणि पाठीमागून येणारा ध्वनी कमी ग्रहण करणारे हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचे ध्वनिग्राहक वापरतात. एकाच वेळी चालू असलेल्या ध्वनिग्राहकांची संख्या दुप्पट झाली की उपलब्ध वाढ ३ डेसिबेलांनी कमी होते. म्हणून भजनी मंडळातील प्रत्येक टाळकऱ्यापुढे ध्वनिग्राहक ठेवणे इष्ट नसते. टाळ व पखवाज स्वभावतःच मोठे असल्याने त्यांना अनेकदा यंत्रणेची गरज नसते. गायकाचा आवाज व वीणा यांना ती असते.

ध्वनिग्राहक गायकाच्या मुखापासून ६० सेंमी.ऐवजी ३० सेंमी. अंतरावर आणल्यास ६ डेसिबेल अधिक मिळतात. एवढीच वाढ विवर्धकाकडून हवी असल्यास चौपट शक्ती लागली असती व प्रतिसंभरणाचा धोकाही वाढला असता. तानपुरा मृदू असल्याने त्यासाठी वेगळा ध्वनिग्राहक अगदी जवळ ठेवतात. कलावंतांना स्वतःचे गायन-वादन ऐकता यावे म्हणून मंचावर मॉनिटर हा लहान ध्वनिक्षेपक ठेवतात. तो ध्वनिग्राहकाच्या पाठीमागील मंद ग्रहणाच्या दिशेत असावा.

जागेचा परिणाम : बंदिस्त जागेत ध्वनी थांबल्यावरही परावर्तनांमुळे काही काळ घुमत राहतो. तो ६० डेसिबेलांनी मंदावण्यास लागणाऱ्या अवधीस निनादनकाल म्हणतात. वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्रानुसार घनफळास (घनमीटर) एकूण शोषणाने (चौरस मीटर) भागून ०·१६१ ने गुणले असता तो सेकंदांत मिळतो. १५ मी. लांब, १० मी. रुंद व ५ मी. उंच सभागृहाचे घनफळ ७५० घ. मी. होते. रिकाम्या स्थितीत त्याचे शोषण ६० चौ. मी. असल्यास निनादनकाल सु. २ सेकंद येतो. प्रत्येक श्रोता सु. ०·४५ चौ. मी. शोषणाची भर घालतो असे धरल्यास २०० श्रोत्यांमुळे शोषण १५० चौ. मी. होऊन निनादनकाल सु. ०·८ सेकंदावर येतो. यावरून, रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी भरलेल्या सभागृहास जशीच्या तशी का लागू पडत नाही, हे स्पष्ट होते.

दगडी सभामंडपासारख्या घुमणाऱ्या जागेत आवाज वाढविल्याने सुबोधता वाढत नाही. कारण थेट येणारा ध्वनी आणि घुमणारा ध्वनी दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. अशा ठिकाणी ध्वनी केवळ श्रोत्यांकडे वळविणारे स्तंभ किंवा श्रोत्यांच्या जवळ ठेवलेले, कमी आवाजाचे अनेक लहान ध्वनिक्षेपक अधिक उपयुक्त ठरतात. पेटी तिपाईवर ठेवून तिचा कर्णा श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर राहील व किंचित खाली झुकेल असे पाहतात. अन्यथा वरचे स्वर पहिल्या दोनतीन रांगांतच शोषले जातात. उघड्या मैदानात निनादन नसते, पण भिंतींचे साहाय्यही मिळत नाही. त्यामुळे तेथे अधिक शक्ती लागते. ध्वनीला ३४ मी. अंतर कापण्यास सु. एक-दशांश सेकंद लागतो. म्हणून मैदानात मागे दुसरी जोडी उभारल्यास तिला जाणारा संदेश तेवढ्याच विलंबाने द्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

विद्युत् सुरक्षा : भारतात पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. यंत्रणेतून येणारी घुंई थांबविण्यासाठी भूसंपर्काची तार काढून टाकणे प्राणघातक ठरू शकते. कारण दोष उद्‌भवल्यास धातूच्या ध्वनिग्राहकातून गायकास विजेचा धक्का बसू शकतो. सर्व उपकरणे एकाच भूसंपर्कित पुरवठ्यावर जोडणे आणि ध्वनिग्राहकांसाठी संतुलित तारा वापरणे, हा घुंईवरील योग्य उपाय होय.

श्रवणाचे रक्षण व कायदा : अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल (ए) पातळी दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सह्य मानतात व प्रत्येक ३ डेसिबेल वाढीस हा अवधी निम्मा होतो. यानुसार ९४ डेसिबेलांस एक तास आणि १०० डेसिबेलांस केवळ १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबेल (ए) ही कमाल मर्यादा सुचविली. ध्वनिक्षेपकालगत बसणारी मुले आणि मंचावरील वादक यांना धोका सर्वाधिक असतो. आंतरकर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपक वापरण्यास लेखी परवानगी लागते व सभागृहासारख्या बंदिस्त जागा वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी क्षेत्रासाठी विहित पातळी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल (ए) आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर क्षेत्राच्या पातळीहून १० डेसिबेल अधिक किंवा ७५ डेसिबेल (ए) यांपैकी जी कमी असेल ती मर्यादा पाळावी लागते.

निवडीचा क्रम : प्रथम कार्यक्रमाचा प्रकार, श्रोत्यांची संख्या व शेवटच्या रांगेचे अंतर निश्चित करावे, त्यावरून कमाल ध्वनिपातळी व कंप्रतेचा विस्तार ठरवावा. नंतर जागेनुसार पेटी वा स्तंभ, आणि वीजपुरवठ्यानुसार विवर्धकाचा व घटमालेचा प्रकार निवडावा. वजन, तिपाईची मजबुती, दुरुस्तीची सोय व सुट्या भागांची उपलब्धता यांचा विचार त्यानंतर येतो. चाचणी घेताना ध्वनिमुद्रित गाण्यापेक्षा परिचित व्यक्तीचा प्रत्यक्ष आवाज वापरावा व शेवटच्या रांगेत तसेच दोन्ही कडांना बसून ऐकावे; परिचित आवाजातील विरूपण कानास चटकन कळते. आवाज मोठा केला असता तो केवळ जवळ आल्यासारखा वाटावा, बदलल्यासारखा वाटू नये, ही चांगल्या यंत्रणेची खूण मानता येईल. शांत दिवाणखान्यात तीसचाळीस श्रोत्यांपुढे होणाऱ्या बैठकीस मात्र बहुधा यंत्रणेची गरजच नसते. तेथे गायकाचा गळा, तानपुरा व तबला यांचा परस्परमेळ कलावंतांना स्वतःच साधता येतो.